गुहेत मुक्काम ठोकणाऱ्या परग्रहवासीयांना खुले पत्र

प्रति,
सरसेनापती व समस्त आक्रमक मंडळी,
(कमी खर्चातल्या विज्ञानपटांतून पृथ्वीवर चाल करून येणाऱ्या सर्व ग्रहांची संयुक्त आघाडी)
मुक्काम पोस्ट गुहा.

विषय : पृथ्वी जिंकण्याच्या कामातील ढिसाळपणाबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गेली सत्तरेक वर्षे तुम्ही आमच्यावर आक्रमण करीत आहात आणि आमच्याकडून एकदाही त्याबद्दल लेखी तक्रार गेलेली नाही. आम्ही हसलो, शिट्ट्या मारल्या, मित्रांना बोलावून पुन्हा पुन्हा पाहिले. पण तक्रार म्हणून केली नाही. ती आज करतो आहे.

पत्र मराठीत का, असे विचारू नका. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका आहे आणि तिच्यात ५५ भाषांमधून तुम्हाला शुभेच्छा दिलेल्या आहेत. त्यांत मराठीही आहे. त्यामुळे ‘आम्हाला मराठी समजत नाही’ ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. तसेही तुम्ही यानातून पाय खाली टाकता तो अस्खलित इंग्रजी बोलतच. कुठे शिकलात असे कुणी विचारलेच, तर ‘तुमचा रेडिओ ऐकून’ म्हणता. रेडिओ ऐकून भाषा इतकी सुधारत असती तर आमच्याकडच्या निम्म्या शिकवण्या बंद पडल्या असत्या.

आधी तुमच्या येण्याबद्दल. सूर्य सोडला तर आम्हाला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी, तोही ४.२४ प्रकाशवर्षांवर. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने पळणाऱ्या व्हॉयेजर १ ला तेवढे अंतर कापायला ७५ हजार वर्षांच्या आसपास लागतील. तुम्ही मात्र मध्यंतराच्या आत पोचता. म्हणजे तुमचे तंत्रज्ञान आमच्या कल्पनेपलीकडचे असणार, यात वाद नाही. मग ते तंत्रज्ञान दोऱ्याला टांगून का येते? तबकडी थरथरत उतरते, वरचा दोरा उजेडात चमकतो. शेपटीतून निघालेला धूर निर्वात पोकळीत सरळ वर चढतो, कुठल्या तरी छताला लागतो आणि पसरून पुन्हा खाली येतो. अंतराळाला छत आहे, हा शोध एकट्या तुमचा. त्याचे श्रेय कुणी दिले नाही, ते या पत्राद्वारे देतो.

यानाचा घरघराट निर्वात जागेत ऐकू येतो त्याबद्दल काही म्हणत नाही. तो गुन्हा श्रीमंतांनीही केलेला आहे.

आता मुद्द्यावर येतो. गुहा.

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात ब्रॉन्सन कॅन्यन नावाची जागा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ती दगडखाण. दगड काढता काढता डोंगराला आरपार भोक पडले, तीच ही गुहा. १९५३ साली ‘रोबॉट मॉन्स्टर’मधला रो-मॅन पृथ्वी नष्ट करायला आला, तो इथे उतरला. १९५६ साली ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मधल्या शुक्रवासीने बिऱ्हाड थाटले, तेही इथेच. त्याच वर्षी ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मधले नायक-नायिका परग्रहावरून आलेल्या शेंगांपासून जीव वाचवत पळत सुटले आणि लपायला पुन्हा याच बोगद्यात शिरले. १९६६ पासून टीव्हीवरच्या बॅटमनची गाडी याच भोकातून धूळ उडवत बाहेर पडायची.

विचार करा. पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक पाण्याखाली गेला असे धरले, तरी उतरायला जागेची टंचाई नाही. आणि तुम्ही, वेगवेगळ्या ग्रहांवरून, एकमेकांची ओळखदेख नसताना, सगळे त्याच डोंगराच्या त्याच भोकात! आक्रमण करणारेही तिथे, जीव घेऊन पळालेलेही तिथे, आणि तरी चुकामूक. शिवाय आरपार बोगदा असल्याने त्याला मागूनही तोंड आहे, ही गोष्ट आजवर एकाही सेनापतीच्या लक्षात आलेली नाही. जागा स्टुडिओंपासून जवळ पडते, रान उजाड दिसते आणि कॅमेरा जरा वळवला तर हॉलिवूडची पाटी दिसते म्हणून तो वळवायचा नसतो, एवढेच तिचे लष्करी महत्त्व.

रो-मॅनसाहेबांचे काम जरा जवळून पाहायला हवे, कारण तुमच्यातल्या सगळ्यांचे गुण त्यांच्यात एकवटले आहेत. दिग्दर्शक फिल टकर यांना यंत्रमानव हवा होता. यंत्रमानवाचा पोशाख परवडेना. मग जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाला धरले. त्याच्याकडे स्वतः बनवलेला गोरिलाचा पोशाख तयार होता आणि सिनेमात गोरिला व्हायचे हाच त्याचा मुख्य व्यवसाय होता. त्या गोरिलाच्या डोक्यावर पाणबुड्यासारखे शिरस्त्राण बसवले, त्याला अँटेना लावल्या, झाला परग्रहवासी! चित्रीकरण चार दिवसांत उरकले, खर्च सोळा हजार डॉलरच्या आसपास. यात हसण्यासारखे काही नाही; चार दिवसांत आम्हाला घराची रंगसफेदीही उरकता येत नाही.

हसू येते ते पुढे. रो-मॅनने किरण सोडून सगळी मानवजात संपवली आहे. उरलेत फक्त आठजण. ते सापडत नाहीत. ते राहतात कुठे, तर पडक्या घराच्या चौथऱ्यावर, उघड्यावर, भोवती तारा लावून, गुहेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. आणि हे जगज्जेते महाशय उन्हात, अंगावर केसाळ कातडे आणि डोक्यावर शिरस्त्राण घेऊन, टेकडी चढतात, टेकडी उतरतात, पुन्हा चढतात. सिनेमाचा बराचसा वेळ या चढ-उतारात जातो. अब्जावधी माणसे किरणाने मारता आली, मग उरलेल्या आठांसाठी एवढी पायपीट कशाला? त्यांना म्हणे एका लसीमुळे किरण बाधत नाही. ठीक आहे. पण मग आठातली एक मुलगी उचलून आणायची आणि तिच्या प्रेमात पडून हुकूम पाळू की नको यावर स्वतःशीच वाद घालत उभे राहायचे, याला लष्करी शिस्त म्हणत नाहीत.

गुहेच्या तोंडाशी त्यांचे कार्यालय आहे. लाकडी टेबल, त्यावर रेडिओसारखे खोके आणि साबणाचे फुगे सोडणारे यंत्र. रो-मॅन मुख्यालयाशी बोलू लागले की फुगे निघतात. फुग्यांचा आणि संदेशवहनाचा संबंध काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. फुग्यांच्या यंत्राचे नाव मात्र श्रेयनामावलीत वेगळे झळकते. चित्रपट थ्री-डी होता, तेव्हा फुगे प्रेक्षकांच्या नाकापर्यंत येत असणार; एवढ्या मोठ्या आक्रमणातून आमच्यापर्यंत खरोखर पोचले ते तेवढेच. पडद्यावर रो-मॅनना झापणारे त्यांचे वरिष्ठ दिसतात, तेही त्याच पोशाखात, तेच बॅरोज. स्वतःच स्वतःला कारणे दाखवा नोटीस बजावायची आणि स्वतःच स्वतःला बडतर्फ करायचे, अशी काटकसर कुठल्याही सरकारी खात्याला साधलेली नाही.

आणि या सगळ्याला संगीत कुणाचे? एल्मर बर्नस्टाइन यांचे. पुढे तीनच वर्षांत ‘द टेन कमांडमेंट्स’ला संगीत देणारे तेच हे. डाव्या विचारांच्या संशयावरून मोठी कामे मिळेनाशी झाली होती, त्या काळात त्यांनी हे काम घेतले. डोळे मिटून ऐका, पृथ्वीचा खरोखर अंत होतो आहे असे वाटते. डोळे उघडले की टेकडीवर गोरिला.

‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’वाल्यांना वेगळी सूचना. तुमचा हेतू काय होता? माणसांना तुमचे अस्तित्व पटवून द्यायचे. त्यासाठी योजना काय? स्मशानातली मढी उठवायची. आणि उठवलीत किती? तीन! त्याच वेळी तुमच्या तबकड्या शहरावरून राजरोस फिरत होत्या, सैन्य त्यांच्यावर तोफा डागत होते. म्हणजे अस्तित्व पटलेले होते. ज्यांनी तोफा डागल्या त्यांना आणखी काय पटवायचे राहिले होते? त्यात तुमच्या यानाच्या आत पडदे आणि लाकडी टेबल, आणि आमच्या विमानाच्या कॉकपिटमध्येही दाराच्या जागी पडदा. दोन्ही संस्कृती एकाच शिंप्याकडे जात असाव्यात. कबरीचे दगड धक्का लागताच डुलतात. एकाच पाठलागात पोलिसांच्या गाडीभोवती कधी दिवस असतो, कधी रात्र.

त्या सिनेमातली एक गोष्ट सांगताना मात्र मला अजून हसावे की गप्प बसावे कळत नाही. ड्रॅक्युला म्हणून गाजलेले नट बेला लुगोसी १९५६ च्या ऑगस्टमध्ये गेले. ‘प्लॅन ९’चे दिग्दर्शक एड वूड यांच्याकडे त्यांचे थोडेसे चित्रीकरण होते, तेही या कथेसाठी केलेले नव्हते. त्यांनी ते वापरले आणि उरलेल्या दृश्यांसाठी आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके जागेवर बसवणाऱ्या गृहस्थाला, उभे केले. गृहस्थ लुगोसींसारखे अजिबात दिसत नव्हते. म्हणून त्यांनी सगळा सिनेमाभर झग्याची कड नाकापर्यंत धरून ठेवली. प्रेताने तोंड लपवत का फिरावे, हा प्रश्न कथेत कुणालाच पडत नाही. १९८० मध्ये एका पुस्तकाच्या निमित्ताने या सिनेमाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवण्यात आले. मला तो निकाल मान्य नाही. सर्वांत वाईट चित्रपट तो, जो बघता बघता माणूस उठून वीजबिल भरून येतो. ‘प्लॅन ९’ चालू असताना मला कधी उठावेसे वाटलेले नाही.

शुक्रवासी महाशय, आता तुमच्याकडे वळतो. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’साठी तुम्हाला घडवताना असा तर्क लढवला गेला की तुमच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण जबरदस्त, तेव्हा प्राणी बुटका आणि जमिनीला धरून असणार. तर्क सुरेख. फक्त शुक्र पृथ्वीपेक्षा किंचित लहान आहे आणि तिथले गुरुत्व आमच्या नऊ-दशांश. तिथून आलेल्याने आमच्याकडे थोडे दमायला हवे. पॉल ब्लेइसडेल यांनी खपून तुम्हाला बनवले, दिसलात मात्र खेकड्याचे हात लावलेल्या सुळके काढलेल्या काकडीसारखे. चित्रीकरणाच्या वेळी नायिकेचे काम करणाऱ्या बेव्हर्ली गार्लंड तुमच्यासमोर उभ्या राहिल्या, ‘तू का रे जग जिंकणार?’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणाल्या आणि लाथ घातली. पुढे निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉरमन यांनी तुमची उंची वाढवून घेतली. राक्षस नायिकेपेक्षा उंच असावा, हा धडा त्यांना तिथे मिळाला. कॉरमन हे शिकलेले इंजिनिअर, हे जाता जाता नोंदवतो.

खरे तर तुमची योजना या सगळ्यांत उजवी होती. जगभरची वीज, गाड्या, फोन, एकदम बंद! एक पैसा न खर्चता दाखवता येईल असे संकट. घड्याळ थांबलेले दाखवले, गाडी सुरू होत नाही म्हणून खाली उतरलेला माणूस दाखवला, की अंगावर काटा येतो. तुम्ही गुहेतच बसून राहायला हवे होते. शेवटी उजेडात आलात आणि सगळे घालवलेत.

‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५९) मधल्या गुराख्यांनो, तुम्ही आमची पृथ्वी तुमच्या जनावरांसाठी चराऊ रान म्हणून पाहायला आलात, इथवर ठीक. पण ते जनावर म्हणजे साधा लॉब्स्टर, पडद्यावर मोठा करून चिकटवलेला. आकार दसपट झाला की वजन हजारपट होते आणि पायांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले तर ते शंभरपटच वाढते, त्यामुळे तो चालेल कसा, तो तर स्वतःच्याच ओझ्याने बसेल. ‘द क्रीपिंग टेरर’ (१९६४) मधल्या सतरंजीबद्दल काय बोलावे! ती इतक्या सावकाश येते की तिच्या भक्ष्यांना पळायचे सोडून तिच्या तोंडात स्वतःहून शिरावे लागते. पाहुण्यांची एवढी सोय आम्ही लग्नातही करत नाही.

इथवर वाचून तुमचा समज होईल की आम्हाला तुमची गरिबी खुपते. मुळीच नाही. अफाट पैसा ओतून आलेले तुमचे भाऊबंद मी पाहिले आहेत. करडे, चिकट, शंभर दातांचे. सगळे एकाच कारखान्यातून सुटल्यासारखे. ते आले की गगनचुंबी इमारती पडतात, पडतच राहतात, आणि मी पॉपकॉर्नच्या तळाशी काही उरले आहे का ते पाहतो. त्यांतल्या एकाचेही नाव मला आठवत नाही. फुग्यांचे यंत्र आठवते.

खुपतो तो तुमचा उतावळेपणा. खिशात पैसे नसताना पहिल्या दहा मिनिटांत भर उन्हात सगळ्या अंगाने समोर उभे राहायची घाई. ज्याच्याकडे काही नाही त्याने झाकून ठेवावे, एवढे साधे व्यवहारज्ञान! ‘स्टार ट्रेक’ मालिकेवाल्यांना दर आठवड्याला अख्खे यान एका नव्या ग्रहावर उतरवणे परवडत नव्हते. त्यांनी माणसे नुसती चमकवून इथून नाहीशी केली आणि तिथे उभी केली. खर्च वाचला, आणि जगाला अशी कल्पना मिळाली की आज रांगेत ताटकळलेला प्रत्येक माणूस मनातल्या मनात तीच इच्छा करतो.

तुमच्यापैकी सगळ्यात हलाखीचा मला माहीत असलेला प्राणी ‘डार्क स्टार’मधला. १९७४ चा सिनेमा, मुळात विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, एकूण खर्च साठ हजार डॉलरच्या घरात. परग्रहवासी म्हणून त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा हवेचा मोठा चेंडू घेतला, रंगवला आणि खाली दोन पंजे लावले. बस! तो चेंडू यानातून टुणटुण पळतो, लिफ्टच्या बोळात एकाला लोंबकळवत ठेवतो, त्याला गुदगुल्या करतो. त्या सिनेमाचे सहलेखक आणि त्यात त्या बिचाऱ्या लोंबकळणाऱ्याचे काम करणारे डॅन ओ’बॅनन. त्यांनी पुढे त्याच कल्पनेला उलटे केले: बंद यान, थकलेली माणसे, आत शिरलेला एक प्राणी, पण या वेळी हसू नको, भीती हवी. त्यातून १९७९ चा ‘एलियन’ झाला. आणि त्यात पैसा असूनही त्या प्राण्याला किती वेळ दाखवला? सगळा मिळून काही मिनिटे. बाकीचा वेळ नुसते पाणी ठिबकते, साखळ्या हलतात आणि मांजर फिस्कारते. ठिबकणारे पाणी, साखळ्या आणि मांजर यांतले काय तुमच्या अंदाजपत्रकाबाहेर होते, ते लेखी कळवावे.

आमच्या बाजूच्या माणसांबद्दलही दोन शब्द, कारण दोष सगळा तुमचा नाही. आमचा शास्त्रज्ञ नेहमी एकटाच असतो, पांढरा कोट घालून घरातच प्रयोग करतो आणि ज्या प्रश्नावर अख्ख्या विद्यापीठांची वर्षे गेली असती तो चहा निवायच्या आत सोडवतो. सेनाधिकाऱ्याच्या मागे भिंतीवर शालेय नकाशा असतो. त्याची सगळी फौज दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या चित्रफितीतून उसनी आणलेली, म्हणून रणगाडे दिसतात तेव्हा पाऊस आणि तो दुर्बीण डोळ्यांना लावतो तेव्हा लख्ख ऊन. अशा शत्रूशी लढून तुम्ही हरता, दर वेळी हरता, याचेच आश्चर्य वाटते. ज्या फौजेला हवामान एक ठेवता येत नाही, तिच्याकडून पराभव पत्करणे हा तुमच्या कारकिर्दीवरचा मोठा डाग आहे.

तेव्हा आमच्या मागण्या माफक आहेत. दोरा काळा वापरा आणि मागचा पडदाही काळा ठेवा. गुहा बदला, निदान एकाने तरी बदला. पृथ्वी का हवी आहे हे ठरवून या. पाणी हवे असेल तर वाटेत गुरूच्या युरोपासारख्या चंद्रांवर बर्फाखाली महासागर आहेत आणि तिथे तुमच्यावर रणगाडे सोडायला कुणी नाही. भाषण कमी करा. मानवजात कशी मूर्ख आहे हे चंदेरी झगा घालून आणि कमरेवर हात ठेवून आम्हाला पाच मिनिटे ऐकवण्यात मतलब नाही. आम्हाला ते माहीत आहे. किरणांच्या बंदुकीवर खेळण्याच्या दुकानाचे लेबल राहिले असेल तर ते काढा.

आणि पोशाखाची चेन पाठीकडे येते हे लक्षात घेऊन, विजयी मुद्रेने वळून दूर निघून जाण्याचे दृश्य शक्यतो टाळावे. जिंकायचेच असेल तर आमच्याकडे तोंड करून, उलट्या पावली जा.

कळावे,

आपला,
अद्याप न जिंकला गेलेला एक पृथ्वीवासी